पित्तक्षार कापणारी जिवाणूची कात्री : प्रयोगशाळेतील जुन्या एन्झाइमचा नवा पेच

नवी दिल्ली : पित्ताचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांच्या शीतपेटीत, उणे २० अंश सेल्सिअस तापमानाला, बोटभर उंचीच्या बाटलीत एक भुकटी जपून ठेवलेली असते. बाटलीवरील नाव उच्चारायला अवघड आहे : कोलॉइलग्लायसिन हायड्रोलेज. त्याखाली उगमस्थान म्हणून ज्या जिवाणूचे नाव असते, ते मात्र डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचे आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स हा जिवाणू अन्नविषबाधेला आणि जखमेतील गॅस गँगरीनला कारणीभूत ठरतो. अशा कुख्यात जिवाणूपासून मिळवलेले हे विकर, म्हणजेच एन्झाइम, गेली अनेक दशके पित्तक्षारांच्या मोजणीसाठी वापरले जात आहे. त्याचे काम एकच, असे मानले जात होते : पित्तक्षारातील एक ठरावीक बंध कापणे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले की ही कात्री सुईचेही काम करते. कापलेल्या जागी ती दुसरे काहीतरी शिवूनही टाकते.

हे नीट समजण्यासाठी आधी पित्ताकडे वळावे लागेल. मराठीत 'पित्त झाले' असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तक्रार जठरातील आम्लाची असते. येथे ज्याचा विचार करायचा आहे ते पित्त यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते आणि जेवणानंतर लहान आतड्यात उतरते. तेलकट भांडे नुसत्या पाण्याने निघत नाही, त्याला साबण लागतो. अन्नातील स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत साबणाचे हे काम पित्तक्षार करतात. रिठ्याच्या पाण्याला जसा फेस येतो, तसा पित्तक्षारांच्या द्रावणालाही येतो. स्निग्धांश त्यांच्यामुळे बारीक कणांत विखुरतो आणि अ, ड, ई व के ही स्निग्धात विरघळणारी जीवनसत्त्वे शरीरात शोषली जातात.

यकृत हे पित्तक्षार कोलेस्टेरॉलपासून बनवते. प्रथम कोलिक आम्ल किंवा कीनोडीऑक्सिकोलिक आम्ल तयार होते आणि त्याच्या टोकाला ग्लायसिन किंवा टॉरिन हा लहानसा रेणू जोडला जातो. ही जोडणी केवळ शोभेची नाही. तिच्यामुळे पित्ताम्ल आतड्यातील किंचित आम्लधर्मी वातावरणातही विरघळलेले राहते आणि वाटेत कोठेही आतड्याच्या भिंतीतून निसटत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात मात्र त्याला परत घेणारी खास यंत्रणा असते. सुमारे ९५ टक्के पित्तक्षार तेथून यकृताकडे परततात आणि पुढच्या जेवणाला पुन्हा कामाला लागतात. जे निसटतात, त्यांची गाठ मोठ्या आतड्यातील जिवाणूंशी पडते.

जिवाणूंच्या दृष्टीने पित्तक्षार हे संकटच असते. जो पदार्थ तेलाचा थर फोडतो, तो जिवाणूचे पटलही फोडू शकतो. त्यामुळे आतड्यात वस्ती करणाऱ्या अनेक जिवाणूंनी पित्ताम्ल आणि अमिनो आम्ल यांच्यामधील बंध तोडणारे एन्झाइम आत्मसात केले आहे. शास्त्रीय भाषेत त्या सर्वांना बाइल सॉल्ट हायड्रोलेज असे कुटुंबनाम आहे. लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम, एन्टेरोकॉकस, बॅक्टेरॉइडीज अशा एकमेकांपासून बऱ्याच दूरच्या कुळांत ते आढळते. शीतपेटीतील बाटली हे त्याच कुटुंबातील एक रूप होय.

प्रयोगशाळेला या एन्झाइमची गरज का भासली, याचे उत्तर मोजमापाच्या इतिहासात आहे. रक्त, पित्त किंवा मल यांच्या नमुन्यात कोणती पित्ताम्ले किती आहेत हे शोधण्यासाठी वायुवर्णलेखन, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी, ही पद्धत रूढ झाली. तीत पदार्थाची वाफ व्हावी लागते. ग्लायसिन वा टॉरिन चिकटलेल्या पित्ताम्लाची तशी वाफ होत नाही. तेव्हा आधी ते शेपूट कापणे आवश्यक होते. जुना उपाय रांगडा होता. नमुना तीव्र अल्कलीत, बंद पात्रात, १०० अंशांहून अधिक तापमानाला कित्येक तास शिजवायचा. बंध तुटे, पण त्याबरोबर काही नाजूक पित्ताम्लेही, विशेषतः कीटो गट असलेली, बिघडत. जे मोजायचे तेच मोजण्यापूर्वी नासत असेल, तर त्या आकड्याचा काय उपयोग?

१९६७ मध्ये पी. पी. नायर आणि सहकाऱ्यांनी 'जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री' या नियतकालिकात क्लॉस्ट्रिडियमपासून मिळालेले एन्झाइम हा बंध कसा तोडते याचे वर्णन केले, आणि सौम्य मार्ग खुला झाला. ३७ अंश, म्हणजे शरीराइतके तापमान. किंचित आम्लधर्मी द्रावण. आणि बहुधा एका रात्रीचा अवधी. या मिश्रणात मर्कॅप्टोइथेनॉल नावाचे एक रसायनही टाकण्याची पद्धत आहे. त्याची कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी ज्याने एकदा घेतली, तो ती विसरत नाही. पण ते टाकण्यास कारण आहे. एन्झाइमच्या कापणाऱ्या पात्याच्या जागी सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते आणि हवेतील ऑक्सिजनने त्याचे ऑक्सिडीकरण झाले की पाते बोथट होते. मर्कॅप्टोइथेनॉल स्वतः ऑक्सिजनची झळ सोसते व गंधकाला वाचवते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्त झालेली पित्ताम्ले द्रावकात ओढून घेतली जातात, त्यांच्यावर वाफ होण्यायोग्य संस्कार केले जातात आणि ती यंत्रात सोडली जातात.

या कात्रीच्या मर्यादाही लवकरच ध्यानात आल्या. यकृताच्या काही आजारांत पित्ताम्लावर सल्फेटचा गट चढतो आणि ते मूत्रावाटे बाहेर पडू लागते. असे सल्फेटयुक्त पित्तक्षार हे एन्झाइम नीट कापत नाही. तो गट आधी वेगळ्या प्रक्रियेने उतरवावा लागतो. ग्लुक्युरोनिक आम्लाशी जोडलेल्या पित्ताम्लांसाठी तर निराळेच एन्झाइम लागते. ही पायरी चुकली तर नमुन्यात असलेला पदार्थ अहवालात शून्य दिसतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणाऱ्या प्रयोगशाळा ज्ञात प्रमाणातील पित्तक्षार मुद्दाम मिसळून, तो पूर्ण कापला गेला की नाही हे आधी पडताळून पाहतात.

एखाद्या जिवाणूपाशी हे एन्झाइम आहे की नाही हे ओळखण्याची तऱ्हा त्याहून सोपी आहे, आणि ती डोळ्यांना दिसते. काचेच्या बशीतील पोषक जेलीत टॉरोडीऑक्सिकोलिक आम्लाचा क्षार मिसळतात व तीवर जिवाणू वाढवतात. जिवाणू वाढताना आम्ल सोडतो. टॉरिनचे शेपूट असेपर्यंत पित्तक्षार त्या आम्लातही विरघळलेला राहतो. शेपूट कापले की उरलेले डीऑक्सिकोलिक आम्ल साक्याप्रमाणे खाली बसते. वसाहतीभोवती पांढरे वलय उमटले, तर एन्झाइम हजर आहे. एम. पी. डॅश्केविच आणि एस. डी. फाइनर यांनी १९८९ मध्ये मांडलेली ही कसोटी आजही अनेक प्रयोगशाळांत पहिली चाळणी म्हणून वापरली जाते. या दोघांनी त्याआधी, १९८७ मध्ये, कोंबड्यांवरील एक निरीक्षण नोंदवले होते : खाद्यात अल्प प्रमाणात प्रतिजैविक दिले की आतड्यातील या एन्झाइमची क्रिया घटते आणि पक्ष्याचे वजन वाढते. पित्तक्षार शाबूत राहिले तर स्निग्धांश अधिक पचतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. प्रतिजैविकांना पर्याय म्हणून या एन्झाइमला रोखणारे पदार्थ शोधण्याचे प्रयत्न पुढे त्याच निरीक्षणातून सुरू झाले.

या एन्झाइमच्या कथेत पुण्याचाही वाटा आहे. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सी. जी. सुरेश, अस्मिता प्रभुणे, अर्चना पुंडले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या गटासह बिफिडोबॅक्टेरियम लाँगम या जिवाणूतील बाइल सॉल्ट हायड्रोलेजची त्रिमितीय रचना उलगडली. हे काम २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभर आधी, २००५ मध्ये, जर्मनीतील संशोधकांनी क्लॉस्ट्रिडियमच्या एन्झाइमची रचना मांडली होती. पुण्याच्या गटाला जे दिसले ते विशेष होते : पित्त कापणारे हे एन्झाइम पेनिसिलिन व्ही कापणाऱ्या एका एन्झाइमचे नातलग आहे. पेनिसिलिन व्ही ॲसिलेजची रचना याच प्रयोगशाळेच्या सहभागाने १९९९ मध्ये उलगडली गेली होती आणि पेनिसिलिनपासून नवी प्रतिजैविके घडवणाऱ्या उद्योगाला त्या एन्झाइमचे महत्त्व ठाऊक होते. एक पित्तावर चालते, दुसरे औषधावर. पण दोघांची घडण एक, आणि प्रथिनाच्या साखळीच्या अगदी टोकाशी बसलेले सिस्टीनचे पातेही एक.

या पात्याचे काम दोन टप्प्यांत चालते आणि पुढील पेच समजण्यासाठी ते ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पहिल्या टप्प्यात सिस्टीनमधील गंधक पित्ताम्लाला पकडते. ग्लायसिन किंवा टॉरिन सुटून जाते. या क्षणी पित्ताम्ल एन्झाइमलाच चिकटलेले असते. दुसऱ्या टप्प्यात पाण्याचा रेणू येतो, तो बंध तोडतो आणि पित्ताम्ल मोकळे होते. पाठ्यपुस्तकांत हे असेच शिकवले गेले. पाण्याऐवजी त्या जागी दुसरेच कोणी आले तर काय होईल, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

२०२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आर. ए. क्विन आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. शरीरातील पित्ताम्लांना ग्लायसिन व टॉरिन ही दोनच शेपटे असतात, या दीर्घकाळच्या समजाला त्याने छेद दिला. आतड्यात फेनिलॲलनिन, टायरोसिन आणि ल्युसिन जोडलेली पित्ताम्ले सापडली, आणि ती यकृताने नव्हे तर जिवाणूंनी घडवलेली होती. जिवाणू ती कोणत्या एन्झाइमने घडवतात, याचे उत्तर २०२४ मध्ये त्याच नियतकालिकातील दोन शोधनिबंधांनी दिले. हे काम बाइल सॉल्ट हायड्रोलेजच करते. एन्झाइमला चिकटलेल्या पित्ताम्लाकडे पाण्याऐवजी एखादे अमिनो आम्ल किंवा अमाइन पोहोचले, तर जुन्या शेपटाच्या जागी नवे शेपूट जोडले जाते. दोहोंपैकी एका अभ्यासात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्सचे एन्झाइम, म्हणजे शीतपेटीतील बाटलीचेच भावंड, टॉरिन काढून इतर अमिनो आम्ले झपाट्याने जोडताना आढळले. पात्याच्या जागचे सिस्टीन बदलून पाहिले, तेव्हा ही क्रियाही थांबली.

दोनच शेपटांचा समज इतकी वर्षे टिकला, यात या कात्रीचाही थोडा हात आहे असे म्हणावे लागेल. मोजण्यापूर्वी शेपूट कापणे ही पद्धतच अशी आहे की शेवटी यंत्रात फक्त उरलेले पित्ताम्ल दिसते. कापून टाकलेला भाग कोणाचा होता, ही माहिती त्या रात्रीच द्रावणात विरून जाते. ग्लायसिन, टॉरिन वा तिसरेच काही, सर्वांची बेरीज एकाच आकड्यात होते.

हा प्रश्न केवळ रसायनशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा नाही. काही बालकांत जन्मतः एक दुर्मीळ जनुकीय दोष असतो. त्यांचे यकृत पित्ताम्ल बनवते, पण त्याला ग्लायसिन किंवा टॉरिन जोडू शकत नाही. परिणामी जीवनसत्त्वे शोषली जात नाहीत; के जीवनसत्त्वाअभावी रक्तस्राव होतो, ड जीवनसत्त्वाअभावी मुडदूस होतो. २०१३ मध्ये के. डी. आर. सेचेल आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचे सविस्तर वर्णन केले. या मुलांच्या मूत्रातील व पित्तातील पित्ताम्ले मुक्त अवस्थेत असतात, आणि हीच रोगाची खूण होय. आता अशा बालकाचा नमुना प्रथम एन्झाइमने कापून मग मोजला, तर निरोगी बालकाच्या नमुन्यातही सर्व पित्ताम्ले मुक्तच दिसतील. दोघांतील फरक पुसला जाईल. नमुना न कापता द्रववर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापकाने तपासला, तरच निदान होते. आणि निदान झाले तर उपाय आहे : जोडलेले पित्ताम्ल, म्हणजे ग्लायकोकोलिक आम्ल, तोंडावाटे देणे. ही यंत्रे महाग आहेत आणि सर्वत्र नाहीत. जेथे ती आहेत तेथे कापून व न कापता अशी दुहेरी तपासणी करता येते आणि दोन्हींच्या फरकातून जोडलेल्या पित्ताम्लांचे प्रमाण काढता येते. रुग्णालयांतील नेहमीची 'एकूण पित्ताम्ल' चाचणी मात्र वेगळ्याच एन्झाइमवर चालते. त्याला शेपूट असले काय, नसले काय, सारखेच. त्यामुळे या दोषाबाबत तीही काही सांगू शकत नाही.

शरीराच्या आत हे एन्झाइम हितकारक की अहितकारक, याबद्दलही सरळ उत्तर नाही. क्लॉस्ट्रिडिऑइडीज डिफिसाइल या जिवाणूमुळे होणारा हट्टी अतिसार प्रतिजैविकांच्या मोठ्या उपचारानंतर उद्भवतो. या जिवाणूच्या सुप्त बीजाणूंना अंकुरण्यासाठी टॉरोकोलिक आम्लाची चाहूल लागते. प्रतिजैविकांनी आतड्यातील कापणारे जिवाणू मारले की हे आम्ल न कापलेले शिल्लक राहते आणि बीजाणू जागे होतात. निरोगी व्यक्तीच्या मलातील जिवाणूंचे प्रत्यारोपण या रुग्णांना बरे करते. त्यामागे बाइल सॉल्ट हायड्रोलेजचे पुनरागमन हे एक महत्त्वाचे कारण असल्याचे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले. येथे कात्री रक्षक ठरते.

परंतु हेच एन्झाइम धारण करणारे जिवाणू लहान आतड्यात, चुकीच्या जागी, बेसुमार वाढले तर पित्तक्षार अकाली कापले जातात, स्निग्धांश पचत नाही आणि अतिसार जडतो. ही अवस्था ओळखण्यासाठी सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी श्वासाची एक चाचणी पुढे आली होती. रुग्णाला किरणोत्सर्गी कार्बनची खूण असलेले ग्लायकोकोलिक आम्ल पाजायचे. जिवाणूंनी ग्लायसिन कापले, तर तो कार्बन काही वेळात श्वासातील कार्बन डायऑक्साइडमध्ये उतरतो. प्रयोगशाळेत बाटलीतून घेतलेले एन्झाइम जे करते, तेच येथे रुग्णाच्या आतड्यातील जिवाणूंकडून करवून घेतले जाते.

दह्यातील आणि औषधी पुड्यांमधील प्रोबायोटिक जिवाणूंच्या जाहिरातींतही हे एन्झाइम डोकावते. शेपूट कापलेले पित्ताम्ल कमी प्रमाणात परत शोषले जाते, अधिक बाहेर पडते, मग यकृताला नवे बनवण्यासाठी कोलेस्टेरॉल खर्चावे लागते, असा हा युक्तिवाद आहे. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेसह देशातील अनेक गटांनी या अंगाने लॅक्टोबॅसिलसच्या देशी वाणांचा अभ्यास केला आहे. युक्तिवाद तर्काला धरून आहे, पण त्याला दुसरी बाजू आहे. मोकळे झालेले पित्ताम्ल मोठ्या आतड्यातील इतर जिवाणूंच्या हाती पडले की त्याचे डीऑक्सिकोलिक आम्लात रूपांतर होऊ शकते, आणि त्याचा अतिरेक आतड्याच्या अस्तराला अपायकारक मानला जातो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २००२ मध्ये प्रोबायोटिकसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे आखली, त्यांत ही क्रिया दोन ठिकाणी येते : एकदा वाण निवडताना करायच्या चाचण्यांत आणि एकदा सुरक्षिततेसाठी तपासायच्या बाबींत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये देशासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. बशीतील पांढरे वलय एवढ्याच आधारावर कोलेस्टेरॉल घटण्याचा दावा करणाऱ्या वेष्टनाकडे पाहताना ग्राहकाने ही दुहेरी नोंद लक्षात ठेवलेली बरी.

प्रयोगशाळांसमोर आता नवा हिशेब आहे. पातळ द्रावणात चहूकडे पाणीच पाणी असते, त्यामुळे कात्री बहुधा कापण्याचेच काम करते आणि जुनी मोजमापे एकाएकी बाद ठरत नाहीत. परंतु मलासारख्या नमुन्यात मुक्त अमिनो आम्ले आधीच मिसळलेली असतात. तेथे एन्झाइम टाकून ठेवले, तर रात्रभरात काही नवी शेपटे जोडली गेली नाहीत ना, हा प्रश्न विचारावा लागतो. तसेच फेनिलॲलनिन किंवा ल्युसिन जोडलेले पित्ताम्ल हे एन्झाइम ग्लायसिनवाल्याइतक्याच तत्परतेने कापेल, असे गृहीत धरता येत नाही. प्रत्येकासाठी ते वेगळे तपासावे लागते. बाटलीवर एन्झाइमची ताकद 'युनिट'मध्ये लिहिलेली असते. हे एकक सामान्यतः ग्लायकोकोलिक आम्लावर ठरवले जाते. इतर शेपटांबद्दल त्या आकड्यात काहीच नसते, आणि एन्झाइम किती जोडते हे सांगणारा रकाना त्यात कधी नव्हताच.